माळावरचं तुळशीचं लग्न

पडीक हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं टाळकं सटकतं. माझ्या मुलाला हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून तो जेवताना मुद्दाम विचारतो, "आई, गच्चीवरच्या पडीक जागेचं काय करायचं?" आणि मी चिडले की सगळे हसतात. हसोत बापडे. ज्यांनी आमच्या माळाला हा शब्द चिकटवला त्यांना मी आयुष्यभर माफ केलं नाही आणि आता साठी उलटल्यावर करायचा विचारही नाही. माळ गावाच्या वरच्या अंगाला होता. धनजकडे जाणारी वाट जिथे टेकाड चढते तिथून सुरू व्हायचा आणि पार पलीकडच्या नाल्यापर्यंत पसरायचा. सरकारी कागदात त्याला ई-क्लास म्हणत, म्हणजे गावाची चराई. झाडं म्हणाल तर पळसाचा एक पुंजका आणि इकडेतिकडे बोरी. बाकी सगळं गवत. शहरातल्या माणसाला गवत म्हटलं की एकच एक हिरवी गोष्ट दिसते. आमच्याकडे पवना वेगळा, मारवेल वेगळा, कुसळी वेगळी, आणि तिखाडी तर डोळे मिटूनही ओळखू यायची, तिच्यातून चालत गेलं की पोटऱ्यांना लिंबाचा वास लागायचा. तितरं त्यात अंडी घालायची, ससे बसायचे, गावाची सगळी ढोरं त्यावर जगायची. एवढा मोठा संसार जिथे नांदत होता ती जागा म्हणे पडीक. तसं म्हणणाऱ्यांचे डोळे पडले असतील, आमचा माळ नव्हता पडलेला.

आमचं घर गावाच्या ढोरक्याचं. घरोघरची गुरं सकाळी चारायला न्यायची आणि दिवस बुडायला परत आणायची हे बाबांचं काम. गावाबाहेर गुरं गोळा करायची मोकळी जागा होती, तिला आखर म्हणत. तिथे उभे राहून बाबा एक लांब हाळी देत आणि मग गावभर खुंट्यांचे दोर सुटल्याचं कळायचं. लाकडी घंटांचा टकटक आवाज गल्लीगल्लीतून येऊन आखरावर एक व्हायचा. माय शेणाची पाटी घेऊन कळपाच्या मागे आणि मी मायच्या मागे. गावाने मला बेबी हे नाव दिलं आणि आधारकार्डावरही आज तेच आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी चिडेन. या कामाचं आम्हाला सुगीच्या दिवसांत ज्वारी मिळायची आणि रोज संध्याकाळी प्रत्येक घरातून एक भाकर. ती भाकर गोळा करायचं काम माझं. डोक्यावर टोपलं, टोपल्यात फडकं, आणि दारोदार ओरडायचं, "ढोरक्याची भाकर वाढा वो माय!" मला त्याची लाज कधी वाटली नाही. बाबा कुणाचं फुकट खात नव्हते.

त्या टोपल्यात सगळं गाव असायचं. घरी आलं की माय फडकं उघडायची आणि आम्ही भाकरींकडे बघून घरं ओळखायचो. जाड, कडा करपलेली ती अमक्याच्या नव्या सुनेची. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली ती गयाकाकूंची, आणि तिच्यावर हमखास लोण्याचा एक गोळा. कुणी भाकरीवर ठेचा घालायचं, कुणी जवसाची चटणी, कुणाकडे काही नसलं की नुसती भाकर आणि वर एक कांदा. उरलेल्या भाकरींचे दुसऱ्या दिवशी सकाळी कुटके व्हायचे. माय भाकरी कुस्करून त्यांना तेल, मिरची, कांद्याची फोडणी द्यायची आणि वरून ताक शिंपडायची. आता माझी सून कधीमधी ज्वारीची भाकर करते, छान करते, पण कुटक्यांसाठी शिळी उरतच नाही. फ्रिजमध्ये ठेवून केलेले कुटके मी एकदा खाल्ले आणि पुन्हा मागितले नाहीत.

माळ राखायची एक रीत होती. पोळा झाला की बाबा माळाचा वरचा भाग बंद करत. कुंपण वगैरे काही नाही. वाटेवर पळसाची एक डहाळी रोवायची, की झालं. तिच्या पलीकडे दिवाळीपर्यंत कुणाचं ढोर जायचं नाही, अगदी गावच्या पाटलाचंही नाही. तेवढ्या दिवसांत गवत कमरेला लागायचं, पिकायचं, त्याचं बी जमिनीवर गळायचं. मग दिवाळीच्या पाडव्याला गाईंची शिंगं रंगवून, अंगावर गेरूचे ठसे उमटवून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून सगळं गाव डफडं वाजवत डहाळीपाशी यायचं. गयाकाकू गाईंना ओवाळायच्या. बाबा डहाळी उपटून बाजूला टाकायचे आणि कळप आत धावायचा. एवढ्या गुरांची तोंडं एकाच वेळी गवत तोडत असली की त्याचा एक करकर आवाज येतो. तो आवाज ऐकायला म्हातारी माणसं काठी टेकत यायची.

मग एका उन्हाळ्यात जीप आली. कुठल्या योजनेची ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. जीपमधून उतरलेल्या साहेबाने कपाळावर हात धरून माळाकडे पाहिलं. उन्हाळ्यात माळ पिवळा असतो, तो तसाच असायला हवा, पण साहेबाला पिवळं म्हणजे मेलेलं वाटलं. "इथे तर काहीच नाही," तो म्हणाला. "इथे आपण जंगल उभं करू." पळसाशेजारी त्यांनी पाटी रोवली. 'पडीक जमीन विकास' असं तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि ती मीच सगळ्यांना वाचून दाखवली, कारण मी शाळेत जात होते. गाव खूश झालं. उन्हाळ्यात हाताला काम मिळालं. बाबांनीही खड्डे खणले. "झाडं आली त ढोरायले सावली व्हईन," ते घरी म्हणाले. माय चुलीपुढे बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "सावली चरतात काय ढोरं?" ती म्हणाली.

साऱ्या माळाला खड्डे पडले. शेकडो वर्षं ज्या मातीला कुणी फाळ लावला नव्हता ती उलथून खड्ड्याखड्ड्याशेजारी ढिगारे झाले. पाऊस पडल्यावर काळ्या पिशव्यांतली रोपं आली, साहेब आला, फोटो निघाले, नारळ फुटला. पुन्हा साहेब काही आला नाही. दसऱ्यापर्यंत रोपांच्या काड्या झाल्या. पाटी मात्र वर्षानुवर्षं उभी होती, तिच्यावर कावळे बसायचे. आणि त्या मातीच्या ढिगाऱ्यांवर, ज्यांवर गवत पुन्हा यायला तयार नव्हतं, एक नवंच रोप उगवलं. चौकोनी देठ, लवदार पान, पान चुरगळलं की तुळशीसारखा उग्र वास. वाढून माणसाएवढं झालं आणि त्याला बारीक जांभळी फुलं आली. पिशव्यांतल्या मातीतून त्याचं बी आलं असावं. रानतुळस म्हणतात त्याला, ते समुद्रापलीकडून या देशात आलं आहे, जिथे माती उकरलेली दिसेल तिथे शिरतं आणि गवताला उठू देत नाही, हे सगळं मला पुढे अंगणवाडीच्या नोकरीत एका शिबिरात कळलं. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मायलाही नाही, बाबांनाही नाही.

बायकांना तर आकाश ठेंगणं झालं. गयाकाकू आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या पुढारी. जाडजूड, प्रेमळ, सगळ्यांच्या बाळंतपणाला धावणाऱ्या, आणि देवधर्मात त्यांचा शब्द शेवटचा. त्या माळावर जाऊन ते रोप पाहून आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. "पाह्यलं काय वो सुभद्रे," त्या मायला म्हणाल्या, "साहेबानं लावलं थे सारं मेलं, अन् देवानं आपल्या हातानं तुळस लावली." दुसऱ्या दिवसापासून बायका सकाळी आंघोळ करून माळावर तांब्याने पाणी घालायला जाऊ लागल्या. हो, पाणी घालायला. हे लिहितानासुद्धा माझे हात शिवशिवतात. एरवी विहिरीवर एका कळशीवरून भांडणाऱ्या बायका त्या तणाला पाणी पाजत होत्या.

दुसऱ्या पावसाळ्यात ती तुळस ढिगाऱ्यांवरून खाली उतरली. बाबांनी रिवाजाप्रमाणे पोळ्याला डहाळी रोवली. माळाचा वरचा भाग बंद झाला आणि आत काय चाललंय ते लांबून फक्त हिरवं दिसायचं. हिरवं दिसतंय म्हणजे चांगलंच, असा समज. पाडवा आला. डफडं वाजलं, ओवाळणं झालं, बाबांनी डहाळी काढली, कळप धावला. आणि थांबला. गाई आत जाऊन माना वर करून उभ्या राहिल्या. एखादी खाली वाकायची, हुंगायची, फुर्रकन नाक झटकून पुढे जायची. त्या उंच झाडोऱ्यात गवताची पातीही उरली नव्हती. डफडंवाला थोडा वेळ वाजवत राहिला, मग त्याच्याही लक्षात आलं. तो करकर आवाज त्या वर्षी झालाच नाही. बाबा हातात ती डहाळी घेऊन तसेच उभे होते, खाली टाकायचंही त्यांना सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव बसलं. बायका एका बाजूला. आमची माय तोंडाची तिखट, ती उभीच राहिली. "ढोरं तोंड लावत नाहीत त्याले," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या उपटून फेका सारं."

गयाकाकूंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले. "अवो, काय बोलून राह्यली तू! कुवारी तुळस कोनी उपटते काय? साऱ्या गावाले पाप लागीन."

"मंग ढोरायनं काय खावं? तुमच्याबी गाई हायेत ना त्याच्यात?"

गयाकाकूंच्या गोठ्यात गावात सगळ्यात जास्त गाई होत्या. त्यांनी खरोखर विचार केला, मला त्यांचा चेहरा आठवतो. मग त्या म्हणाल्या, "असं करू. तुळशीचं लगन आलंच हाय. औंदा माळावरच्या तुळशीचं लगन लावून देऊ. एकडाव लगन लागलं का थे सासरी गेली. मंग उपटा अन् नाल्यात वाहून टाका, दोष नाही."

सगळ्या पाराने माना डोलावल्या. पुरुषांनी तर सुटकेचा श्वास सोडला, देवही राहिला आणि गवतही येईल. बाबांनाही ते पटलं. माय एकटीच म्हणाली की आत्ताच काढा, पण का ते तिलाही सांगता येईना, तिला नुसता राग आला होता. रागाला कोण विचारतं?

लग्न मात्र झोकात झालं. ऊस आणले, आवळे, चिंचा आल्या, माळावरच्या सगळ्यात उंच तुळशीला हिरव्या बांगड्या आणि खण घातला, गयाकाकूंनी आपल्या देवघरातला बाळकृष्ण आणला. दोन माणसांनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, आम्ही मुलींनी अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली. मलाही मजा आली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी सारं गाव माळावर लोटलं. पुरुषांनी झाडं उपटली, ती वाळायला लागली होती, बोंडं तपकिरी झाली होती. बायकांनी त्यांचे भारे बांधले, डोक्यावर घेतले आणि लेक सासरी धाडावी तशा गाणी म्हणत, डोळे पुसत, साऱ्या माळाला वळसा घालून नाल्याकडे निघाल्या. वळसा कशाला? तर लेकीला माहेर नीट पाहून घेऊ द्यावं म्हणून. प्रत्येक पावलागणिक भाऱ्यांतून बी सांडत होतं. जो तुकडा अजून कोरा होता त्या तुकड्यावरूनही वरात नेली. पेरणी करायची म्हटली असती तरी इतकी नीट झाली नसती.

घरी आल्यावर माय अंगणात बसून लुगडं झटकत होती. त्या बोंडांना बारीक काटे असतात, ते कापडाला, केसांना, ढोरांच्या अंगाला चिकटतात आणि सुटता सुटत नाहीत. ती एकेक बोंड उपसून मागच्या परसात फेकत होती. "हे कायची तुळस?" ती पुटपुटली. "तुळस कवा लुगड्याले चिकटते काय?" त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक दारात एक बाई अशीच लुगडं झटकत बसली होती.

पुढच्या पावसाळ्यात काय झालं ते सांगायला नको. नाल्याच्या दोन्ही काठांनी, वरातीच्या वाटेने, पळसाच्या पुंजक्याभोवती आणि गावातल्या प्रत्येक दारापुढे ती उगवली. आमच्या परसात, जिथे मायने बोंडं फेकली होती नेमकी तिथे, हात घालायला जागा नव्हती. मायने ते पाहिलं. तिला सगळं कळलं. आणि गयाकाकूंना काय कळलं? त्या आपल्या दारातल्या रोपांवर हळदकुंकू वाहत होत्या. "लेक माहेरी आली वो," त्या सांगत होत्या. माय म्हणाली, "लेक माहेरी आली अन् वासरं उपाशी बसली." बस, तेवढ्यावरून बोलणं फिरलं. पाडव्याच्या संध्याकाळी सुभद्रेने तुळशीला उपटून फेका म्हटलं, म्हणून तुळस रुसली, म्हणून ती गवत खाऊन राहिली, असं घरोघर सुरू झालं. लेक प्रेमाने आली की रागाने आली ते तरी एक ठरवा! पण एकाच तोंडाने दोन्ही बोलायला माणसाला काही अडत नाही. खड्डे खणून माती उलथून जाणारा साहेब कुणाला आठवला नाही. पाटीवर कावळा बसला होता, त्याखाली माझ्या मायचा न्याय झाला.

आणि टोपलं हलकं होऊ लागलं. गाई संध्याकाळी खपाटीला गेलेली पोटं घेऊन परत यायच्या, दूध आटायचं, लोक बाबांकडे तोंड वाकडं करून पाहायचे. एकेका घराने आपली ढोरं काढून घेतली. काहींनी विकली, काहींनी पाहुण्यांकडे धाडली. ज्या घराचं ढोर नाही त्या घराची भाकर नाही, हा सरळ हिशेब होता. मी ओरडत गल्लीतून जायचे आणि काही दारं आतून ओढून घेतलेली असायची. घरी फडकं उघडलं की माय आता घरं ओळखायची नाही, भाकरी मोजून वाढायची. बाबा वीटभट्टीचं बोलू लागले होते. मानोऱ्याकडचे लोक दिवाळीनंतर भट्टीवर जात, त्यांच्या टोळीत नाव घालू, बेबीची शाळा काय, होईल तेवढी झाली. मी अंथरुणात पडून हे ऐकायचे आणि मला त्या जांभळ्या फुलांचा असा संताप यायचा की दात आवळून दुखायला लागायचे.

श्रावणातल्या एका सोमवारी माय सकाळीच उठली आणि मला म्हणाली, "चाल." कुठे ते विचारायची हिंमत नव्हती. आम्ही पळसाजवळच्या तुकड्यावर गेलो. तिथे अजून पवना जिवंत होता, रानतुळस त्याच्यामध्ये गुडघाभर वाढली होती, फुलं यायची होती. जमीन ओली असल्यामुळे मुळासकट सहज निघत होती. माय वाकून उपटत होती आणि मागे टाकत होती, मी तिच्या शेजारी. काही वेळाने हातांना तो वास असा बसला की डोकं चढलं. बाबा उरलेली थोडीशी ढोरं घेऊन लांब उभे होते. त्यांनी मायला आधीच सांगितलं होतं, "बायायच्या तोंडी लागू नोको." ते आले नाहीत, पण तिला अडवलंही नाही.

महादेवाच्या देवळातून बायका त्याच वाटेने परतत होत्या. हातात ताटं, पुढे गयाकाकू. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि ताट दुसरीच्या हातात देऊन त्या धावतच आल्या.

"सोड, सुभद्रे! सोड थे! श्रावण सोमवारी सवासीन तुळस उपटून राह्यली! काही देवाधर्माचं भेव?"

"हे तुळस नाही," माय म्हणाली.

"वास घे न मंग! दुसरं काय हाय थे? अवो, तुह्या कुंकवाचा तरी इचार कर. आज तू मूळ ओढलं, उद्या तुह्या घरचा माणूस जाईन. मी तुह्या भल्यासाठी सांगून राह्यली."

आणि मायचे हात थांबले. मी माझ्या मायला तोवर कधी घाबरलेली पाहिली नव्हती. सापाला ती चिमट्याने धरून फेकायची, तालुक्याच्या माणसाला तोंडावर उत्तर द्यायची. पण तेव्हा तिच्या मुठीत ते रोप होतं आणि तिला ते ओढवेना, आणि सोडवेनाही. तिने बाबांकडे पाहिलं. मला बायकांचा एवढा राग आला की मी रडायलाच लागले. माणसाला भीती घालायची तर निदान त्याच्या स्वतःच्या जिवाची घालावी, दुसऱ्याच्या जिवाची घालणं ही कुठली रीत?

बाबा काठी टेकत आले. बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांनी काठी गवतात आडवी ठेवली.

"गयाबाई," त्यांनी विचारलं, "हे उपटलं त जीव कोनाचा जाईन म्हन्ता?"

"तुमचाच जाईन, आन कोनाचा?"

"माह्याच ना? दुसऱ्या कोनाचा नाही?"

"नाही."

"मंग तिले कायले बोलता? माहा जीव हाय, मीच उपटतो." आणि मायकडे वळून म्हणाले, "बेबीची माय, तू बाजूले हो."

त्यांनी तिच्या मुठीतलं रोप आपल्या हाताने ओढून काढलं. मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. बाबांना भीती नव्हती असं कुणी समजू नये. ते रोज संध्याकाळी अंगणातल्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवत नसत, आणि गयाकाकू म्हणत होत्या ते खरं असेल असं त्यांना अर्धंअधिक वाटत होतं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ओठ हलत होते, नाव घेत असावेत. पण हात थांबले नाहीत. बायका तिथेच वाटेवर बसल्या. का, तर बाबा पडतात का ते पाहायला! उन्हं कलली तरी बसून होत्या, उपासाच्या पोटी. बाबा काही पडले नाहीत. त्या संध्याकाळी मी टोपलं घेऊन गेले तेव्हा गयाकाकूंनी भाकर घालताना हळूच विचारलं, "तुहे बाबा बरे हायेत ना?" पुढे कितीतरी दिवस त्या रोज विचारत राहिल्या. दसरा गेला, दिवाळी गेली, बाबा ठणठणीत.

पळसाजवळचा तो तुकडा त्या वर्षी वाचला. पाडव्याला बाबांनी डहाळी काढली तेव्हा थोडीशीच ढोरं होती, पण ती खाली वाकली आणि तो आवाज झाला. पुढच्या आषाढात गयाकाकू आपल्या मालकांना हाताला धरून माळावर घेऊन आल्या. "घ्या, उपटा," त्या म्हणाल्या. "जीव तुमचा हाय, तुमचं तुमी पाहा." त्यांच्या मागून दुसरी आली, तिसरी आली, सगळ्या आपापले नवरे घेऊन. निंदणाचं, म्हणजे तण काढायचं काम आमच्याकडे बायकांचं, पुरुष निंदायला वाकला तर गाव हसतं. पण आमच्या गावात रानतुळस पुरुषच उपटतात, आजही, फुलं यायच्या आत, आणि बायका वाटेवर बसून पाहतात. पंचक्रोशीत आमच्या पुरुषांची थट्टा होते. होऊ दे. वीटभट्टीचं नाव पुन्हा निघालं नाही, मी शाळा पुरी केली, आणि टोपलं पहिल्यासारखं नाही तरी पुरेसं जड झालं. सगळा माळ मात्र परत आला नाही. नाल्याकडचा भाग कायमचा गेला, तिथे आज तुम्ही गेलात तर त्या झाडोऱ्यात हरवून जाल. आणि परवा मी गावी गेले होते तेव्हा वाचलेल्या तुकड्यावर कारंज्याहून काही हौशी मंडळी टोप्या घालून, कापडी फलक घेऊन झाडं लावायला आली होती. "आजी, रिकामी जागा आहे, हिरवी करू," एक मुलगी मला म्हणाली. मी तिला काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. खड्डा एकही खणला गेला नाही एवढं सांगते.

बाबा गेले ते पंचाऐंशी उलटून, झोपेत. सकाळी मी माझ्या कारंज्याच्या घरून पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. गयाकाकू नव्वदीला टेकलेल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, आणि मी आत शिरता शिरता माझ्या कानांवर आलं, "शेवटी भोवलंच वो. तुळस उपटलती ना त्यानं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. पंचाऐंशी वर्षांचा माणूस झोपेत गेला आणि म्हणे भोवलं! मी तोंड उघडणार तोच मायने माझा हात दाबला. तिला तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. बाबांच्या तोंडात ठेवायला तुळशीचं पान हवं होतं, कुणीतरी घाईत बाहेर जाऊन आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने ते नाकापाशी नेलं. मग तळहात उलटा केला आणि पान खाली पडू दिलं.

"हे नोको," ती म्हणाली. "हे रस्त्यावरचं हाय. याले त्यानं जल्मभर उपटलं, हे त्याच्या तोंडात कायले घालता? बेबी, अंगणातली आन. आपली."

मी अंगणात गेले आणि वृंदावनापाशी वाकले. बाबांनी आदल्या संध्याकाळी तिला पाणी घातलं होतं, माती अजून ओली होती.